पालथी बशी

नाडीनं माझ्या अहवालाला शंभरपैकी शहाण्णव गुण दिले, तेव्हा मी हॉस्टेलच्या मेसमध्ये टेबलावर चढून नाचले. खरंच नाचले. माझी रूममेट केतकी खालून ओरडत होती, "उतर गं बाई, वरणात पाय जाईल!" आता ते आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात.

नाडी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

रुपया पुरता मोबाइलमध्ये गेला, त्यानंतर सगळ्या देशाला एकच व्याजदर लावायची गरज उरली नाही. एकीकडे द्राक्षांना सोन्याचा भाव आणि आमच्या इचलकरंजीत कापडाला उठाव नाही, तर दोघांना एकच औषध कशाला पाजायचं? म्हणून मुलखाचे पट्टे पाडले. आमचा तो वस्त्रपट्टा. प्रत्येक पट्ट्याचा दर तीन महिन्यांनी दरमंडळ ठरवायचं, आणि दरमंडळाला आकडा सुचवायचं नाडी नावाचं यंत्र.

आमचे देवस्थळी सर पहिल्याच तासाला सांगायचे, "व्याज म्हणजे थांबण्याची किंमत." ज्याला पैशाची नड आहे तो जास्त किंमत मोजून पैसा आजच उचलतो. नड नसली की पैसा हातात खुळखुळतो, खरेदी वाढते, भाव चढतात. मग मंडळ दर वाढवून त्या पैशाला आवर घालतं. अडचण एवढीच, की लोकांना नड किती आहे हे मोजायचं कसं? विचारलं तर कोण खरं सांगतंय! ज्याच्या घरात चूल पेटायची मारामार तोही म्हणतो, "झकास चाललंय."

नाडी बनवणाऱ्यांना भिशी सापडली, आणि त्यांचं काम झालं. दहा बायका दर महिन्याला सारखी रक्कम एकत्र टाकतात. जिला पैसे हवेत ती बोली लावते, म्हणजे "मला इतके कमी द्या, पण आज द्या." सगळ्यांत मोठी बोली जिची, तिला रक्कम मिळते, आणि तिनं सोडलेले पैसे बाकीच्या वाटून घेतात. एकदा उचलली की ती फेरी संपेपर्यंत पुन्हा नाही. म्हणजे बघा, गल्लीगल्लीत बायका दर महिन्याला स्वतःच व्याजदर ठरवत असतात! भिशी मोबाइलवर आल्यापासून नाडी या लाखो बोल्या वाचायची. नावं नाहीत, फक्त खाते क्रमांक, शिल्लक आणि बोलीचे आकडे. माझ्या अहवालाचं पहिलंच वाक्य होतं, "माणूस खोटं बोलेल, पण बोली खोटं बोलत नाही." सर वाचून म्हणाले होते, "व्वा!"

त्या तिमाहीत आमच्या पट्ट्यातल्या बोल्या घसरत घसरत शून्यावर आल्या. गल्लोगल्ली शून्य. नाडीनं निष्कर्ष काढला की इथं कुणाला पैशाची नड नाही, पैसा पडून आहे, दर दीड टक्क्यानं वाढवा. पण कायद्याची एक अट होती. यंत्रानं सुचवलेला दर एखाद्या माणसानं साध्या भाषेत, कारणांसकट पटवून दिल्याशिवाय लागू होत नसे. हे काम अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दिलं होतं. सगळ्यांत भक्कम अहवाल ज्याचा, तो मंडळापुढे उभा राहणार. वस्त्रपट्ट्यासाठी तो माझा निवडला गेला. इचलकरंजीच्या शर्वाणी चौगुलेचा.

अहवाल भक्कम होताच. माग बंद पडताहेत, विजेचा वापर उतरलाय, हा आक्षेप कोण ना कोण घेणार हे मी ओळखलं आणि त्याला आधीच उत्तर देऊन ठेवलं. 'मागवाल्यांकडे थांबण्याइतका पैसा आहे, म्हणून ते भाव चढायची वाट बघत माग बंद ठेवतात.' काय वाक्य! माझ्या बाबांचे चार माग आहेत. दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणून देतात. त्याच आठवड्यात त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "दोन बंदच ठेवलेत बघ सध्या." आवाज अगदी हलका, जणू मागांना सुट्टी दिलीय. मी म्हटलं, "बरं बाबा," आणि फोन ठेवून ते वाक्य टाइप केलं.

सरांनी तोंडी परीक्षेत एकच प्रश्न विचारला होता. "शून्य बोलीचा दुसरा काही अर्थ असू शकतो का?"

"नाही सर," मी म्हणाले.

आणि मला माहीत होतं. मला चांगलं माहीत होतं!

माझी आई भिशी चालवते. मी रांगायला लागल्यापासून दर महिन्याला आमच्या घरात सतरंजी पडते, आई धरून दहा बायका बसतात, चहा होतो. आमच्या भागात एक रीत आहे. चहा पिऊन झाल्यावर जिला खरोखर नड आहे ती आपली बशी पालथी घालते आणि तिच्यावर कप ठेवते. बोलत काहीच नाही. ते सगळ्यांना दिसतं आणि कुणीच तिकडे बघत नाही. मग बोली विचारली की सगळ्या गप्प. शून्य. तिला रक्कम पुरीच्या पुरी मिळते, एक रुपया न सोडता. बरे दिवस असतात तेव्हा बायका हौसेनं, चढाओढीनं बोल्या लावतात. कुणाला फ्रिज हवा असतो, कुणाला गंठण. वाईट दिवस आले की बोल्या थांबतात. म्हणजे शून्याचा अर्थ नाडी सांगत होती त्याच्या अगदी उलटा होता.

हा परिच्छेद मी लिहिला होता. मग पुसला. एक तर त्यानं सगळा युक्तिवाद उसवला असता आणि शहाण्णवाचे साठही उरले नसते. आणि दुसरं कारण सांगायला जीभ रेटत नाही. तुला हे कसं माहीत, असं कुणीतरी विचारलं असतं. पहिल्या वर्षी केतकीनं आई काय करते म्हणून विचारलं होतं, तेव्हा मी सांगितलं होतं, "मायक्रोफायनान्समध्ये आहे." मागांसाठी सुताच्या कांड्या भरते आणि भिशी चालवते, एवढं बोलायला मला काय झालं होतं देव जाणे.

मंडळाची बैठक शुक्रवारी होती. त्याच्या आधीच्या शनिवारी आईचा फोन आला. "ये की गं. उद्या नव्या फेरीची पहिली भिशी आहे. बायका तुझा सत्कार करायचा म्हणतात."

गेले. बाबा दारातच पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते आणि रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही थांबवून पेढा देत होते. आत दहाही जणी जमल्या होत्या. शेजारच्या शकीलाभाभींनी मला कुशीत घेतलं, मगदूम काकूंनी नारळ आणि खण हातात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आता मंडळाम्होरं आपली पोरगी बोलणार! सांग बाई त्यास्नी, हप्ते जरा हलके करा म्हणावं. एवढं सहा महिने निभलं तर माग जगतील."

"तिला काय सांगायचं? तिनं लिहिलंय की सगळं," शकीलाभाभी म्हणाल्या. "आपल्यातलीच हाय ती."

मी पेढा तोंडात कोंबला, म्हणजे बोलावं लागू नये. जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, ते मला तेव्हा अक्षरशः वाटलं.

चहा झाला. मी कप गोळा करायला वाकले आणि हात तसाच राहिला. दहाच्या दहा बश्या पालथ्या होत्या.

असं मी कधी पाहिलं नव्हतं. बायकांनीही नसावं. सगळ्या सतरंजीकडे बघत होत्या. कुणी पदर सारखा केला, कुणी खोकलं. मग शकीलाभाभी एकदम हसल्या. "अगं बाई, माझी चुकून पडली की पालथी!" त्यांनी बशी उलटून सरळ केली. त्यांच्या नवऱ्याचा दमा वाढलाय आणि वरच्या माळ्यावर न खपलेली कापडाची ठाणं पडून आहेत, हे मला आईनंच सांगितलं होतं.

"माझंबी तसंच झालं," मगदूम काकू म्हणाल्या. "पुसून ठेवली ती तशीच ऱ्हायली." सरळ.

"माझ्या ध्यानातच न्हाई बघ." सरळ.

एकेक जण खोटं बोलत गेली आणि एकेक बशी सरळ होत गेली. शेवटी एकच पालथी राहिली, माझ्या आईची. तिनं मान वर केली नाही. तिला कशासाठी पैसे हवेत हे मला विचारावं लागलं नाही. माझ्या शेवटच्या सत्राची फी पुढच्याच आठवड्यात भरायची होती.

मोबाइल गोड आवाजात म्हणाला, "कृपया बोली सांगा." सगळ्या गप्प. आईनं स्वतःचं नाव दाबलं. "बोली शून्य. अभिनंदन, रूपाली चौगुले!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. आणि कुठंतरी नाडीनं टिपून घेतलं असणार की या गल्लीत दहा बायका, एकीलाही नड नाही.

बायका गेल्यावर मी मोरीपाशी गेले. आई बश्या धूत होती. मी सगळं सांगितलं, काय लिहिलं ते आणि त्यानं काय होईल ते. दर दीड टक्क्यानं चढला की मागांचे हप्ते चढणार, आणि निम्मी गल्ली माग भंगारात काढणार.

आईचे हात थांबले. "बशीचं लिहिलं नाहीस?"

"नाही."

"का गं? विसरलीस?"

विसरले म्हणाले असते तर तिनं मानलं असतं. "लाज वाटली," मी म्हणाले.

"कशाची?" तिनं हातातली बशी खाली ठेवली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माझी?"

मला रडू आलं, पण रडायचाही हक्क नव्हता. तिनं हात पुसले, माझ्या पाठीवरून फिरवले, आणि तेच मला सहन होईना. चिडली असती तर बरं झालं असतं.

"शुक्रवारी जा आणि चुकलं म्हणून सांग," ती म्हणाली. "तू हुशार आहेस, काहीतरी कारण शोध. पण बशीचं तेवढं सांगू नकोस. ते आमचं आमच्यात असतं. शकीलाच्या मुलीला बघायला यायचेत या महिन्यात. घरात तंगी आहे असं चार लोकांत झालं तर?"

मी मान हलवली. शब्द दिला, असंच म्हणा ना.

पाच दिवस मी दुसरं कारण शोधत होते. शुक्रवारी पुण्यात मंडळाच्या सभागृहात उभी राहिले. समोर अध्यक्षबाई, शेजारी देवस्थळी सर, भिंतीवर नाडीचा पडदा. मी म्हणाले, "मला माझा अहवाल मागे घ्यायचा आहे. त्यातला निष्कर्ष चुकीचा आहे."

सरांनी चष्मा काढला. अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, "कारण?"

"वस्त्रपट्ट्यात लोकांना पैशाची नड आहे. भिशीची रक्कम मिळाल्या दिवशीच खर्च होते, तपासून बघा."

"पान अकरा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तुम्हीच लिहिलंय, की रक्कम लगेच खर्च होणं हे लोकांच्या हातात पैसा खेळत असल्याचं लक्षण आहे. फार छान मांडलंय."

"माग बंद आहेत."

"पान चौदा."

मी एकेक मुद्दा काढत होते आणि माझाच अहवाल मला आडवा येत होता. मी एकही फट ठेवली नव्हती ना! आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हुशारीची शिसारी आली.

"मिस चौगुले," अध्यक्षबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "नड असेल तर बायका बोली का लावत नाहीत? याचं उत्तर असेल तर द्या. नसेल तर आम्ही मतदान घेतो."

डोळ्यांपुढे आई उभी राहिली, हात पुसत, सांगू नकोस म्हणणारी. आणि शकीलाभाभींच्या माळ्यावरची ती ठाणं.

"माझी आई भिशी चालवते," मी म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं. चहा, बशी, दहाही पालथ्या, एकेक सरळ करत जाणं.  

"हृदयस्पर्शी आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या, "पण ही एका गल्लीची गोष्ट झाली. पुरावा?"

तो मात्र मला उभ्या उभ्या सुचला. "नाडीला विचारा, शून्य बोली लागते तेव्हा रक्कम कुणाला जाते. नड कुणालाच नसेल तर ती कुणालाही जाईल, चिठ्ठी टाकल्यासारखी. पण माझं खरं असेल तर ज्यांची पाळी उरलीय त्यांच्यात जिच्या खात्यात सगळ्यांत कमी शिल्लक, तिलाच ती जाईल. दर वेळी."

नाडीला हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. शून्य बोलीच्या पुढं तिनं 'परस्पर संमती' एवढंच नोंदवून सोडून दिलं होतं. पडद्यावर आकडे धावले. सबंध पट्ट्यातल्या भिश्या, हजारोंनी. उत्तर आलं तेव्हा सरांनी चष्मा परत चढवला. जवळजवळ प्रत्येक वेळी रक्कम सगळ्यांत गरजू बाईलाच गेली होती. एवढा चोख नेम कुठल्या बँकेलाही साधला नव्हता.

दर वाढला नाही. उलट एक टक्क्यानं उतरला. सर बाहेर माझा हात हातात घेऊन म्हणाले, "असा युक्तिवाद मी तीस वर्षांत ऐकला नाही." मी म्हणाले, "सर, तुम्ही परीक्षेत विचारलं होतं, तेव्हाच मला उत्तर माहीत होतं." त्यांनी माझा हात सोडला.  

संध्याकाळी केतकीलाही सांगून टाकलं, की आई कांड्या भरते. ती म्हणाली, "मग? त्यात काय?" तीन वर्षं ज्याला घाबरले त्याचं वजन एवढंच होतं.

बाबांचा फोन आला. "हप्ता उतरला गं! तिसरा माग चालू केला." मागं खटखट ऐकू येत होती. मी डोळे मिटून ती ऐकत राहिले. वाटलं, सुटलो.

पण नाडी शिकणारं यंत्र आहे. एकदा सांगितलेलं ती विसरत नाही. शून्य बोलीत रक्कम उचलणारी बाई म्हणजे अडचणीतली बाई, हे तिनं मनावर घेतलं आणि भलं करायला निघाली. आधीच्या फेरीत अशी रक्कम उचललेल्या प्रत्येक बाईच्या भिशीच्या अ‍ॅपवर निरोप गेला. शकीलाभाभींना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून त्यांचा मोबाइल सगळं मोठ्यानं वाचून दाखवतो. मुलीला बघायला आलेली मंडळी पोहे खात होती, तेव्हा तो कोनाड्यातून बोलला, "आपलं कुटुंब आर्थिक अडचणीत असल्याचं दिसतं. सवलतीच्या हप्त्यासाठी इथं दाबा."

पाहुणे पोहे संपवून उठले. "कळवतो" म्हणाले. कळवलं नाही.

हे मला आईनं सांगितलं नाही. बाबांनी सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारलं तेव्हा.

पुढच्या भिशीला मी न बोलावता गेले. बायकांनी मला बसायला जागा दिली. मगदूम काकू म्हणाल्या, "हप्ते उतरले बाई तुझ्यामुळं, लई उपकार झाले." खरंच म्हणत होत्या. कुणी टोचून बोललं नाही. शकीलाभाभींनी सुद्धा "खुशाल हैस न्हवं?" असं विचारलं, फक्त जवळ घेतलं नाही.

आईनं चहा आणला. स्टीलच्या पेल्यांतून.

मी उठून आत गेले. फळीवर कप-बश्या होत्या, धुऊन पुसून रचलेल्या. मी बश्यांची चवड उचलली तोच आई दारात आली.

"राहू दे त्या," ती म्हणाली. "पेल्यात चहा गरम राहतो."

"आई, मी..."

"ठेव गं. फुटतील."

मी ठेवल्या. बाहेर येऊन बसले. चहा संपला, पेले खाली ठेवले गेले. पेल्यांवरून काही कळत नव्हतं. मोबाइल म्हणाला, "कृपया बोली सांगा." सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या, आणि आता कुणी गप्प बसायचं आणि कुणासाठी, हे कुणालाच ठरवता येईना.  शेवटी शकीलाभाभी हातातल्या पेल्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "दोन हजार."

त्यांना ते परवडणारं नव्हतं, पण शून्य बोलीवर रक्कम उचलली की नाडीचा निरोप पुन्हा येणार, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. आईनं आकडा दाबला. भाभींनी सोडलेले दोन हजार क्षणात बाकीच्यांत वाटले गेले, आणि सतरंजीभर मोबाइल एकामागून एक वाजले. आपला वाटा आल्याचं आईनं बघितलं. मग तिनं मोबाइल सतरंजीवर पालथा ठेवला आणि पेले गोळा करायला उठली. माझ्या पुढ्यातला पेला उचलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.